पाच औंसांची गाडी

कब स्काउट या मुलांच्या पथकाने लाकडी गाड्यांच्या शर्यतीसाठी दिलेल्या खोक्यात पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा होता, चार खिळे होते, प्लास्टिकची चार चाकं होती आणि चार घड्या घातलेला नियमांचा कागद होता. दुसऱ्या कुठल्याही बापाने आधी ठोकळा उचलला असता. एल्डन राश्केने कागद उचलला.

यात त्याचा दोष नाही. गेली एकोणीस वर्षं तो विस्कॉन्सिनमधल्या एका काउंटीत वजनमापं तपासत होता. पेट्रोलचे पंप, खाटकांचे तराजू, दूधवाल्यांच्या टाक्या, कुठलंच माप त्याच्या तावडीतून सुटत नसे. जे बरोबर निघे त्याच्यावर तो एक हिरवं स्टिकर डकवत असे: आजची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि खाली सही, ए. राश्के. त्याची आठ वर्षांची मुलगी विनी वाचायला शिकली ती शाळेत नव्हे, पेट्रोल पंपांवर. पाच वर्षांची होईपर्यंत तिची अशी समजूत होती, की काउंटीतले सगळे पंप आपल्या बापाचेच आहेत. समजूत दूर झाली तेव्हा तिच्यापेक्षा जास्त वाईट एल्डनला वाटलं.

"डॅड, ठोकळा दे ना!"

"थांब. नियम तीन. गाडीचं वजन पाच औंसांहून जास्त नसावं."

"थोडंसं जास्त चालेल?"

"नाही."

"एवढुस्सं?"

"एवढुस्सं जास्त म्हणजे जास्तच."

विनीने शहाण्यासारखी मान डोलावली. हे वाक्य तिला नवीन नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. डार्सी तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली त्यात या वाक्याचा वाटा किती, ते मोजायचं माप मात्र काउंटीने अजून पुरवलेलं नाही.

आता डार्सी ब्रेंटच्या घरी राहत होती आणि विनी एकाआड एक शनिवार-रविवार एल्डनकडे येत असे. ब्रेंट वाईट माणूस नव्हता, आणि हीच त्याच्याबद्दलची सर्वांत त्रासदायक गोष्ट होती. त्याच्या तळघरात पट्ट्याची करवत होती, लेथ होता, भिंतीवर पक्कडी उंचीप्रमाणे टांगलेल्या होत्या. त्याला ॲरिझोनात नोकरी लागली होती. सहा जूनला सामानाचा ट्रक येणार, विनीही त्यांच्याबरोबर जाणार, यावर कोर्टाच्या सह्याही झाल्या होत्या. त्यानंतर एल्डनच्या वाट्याला नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग आणि वसंतात ईस्टर. कागद त्याने तीनदा वाचला होता. कागदात चूक नव्हती.

"चॅम्पची गाडी ना? माझ्याकडे पाठव, अर्ध्या तासात कापून देतो," ब्रेंट फोनवर म्हणाला होता. विनीला तो चॅम्प म्हणत असे.

"आभारी आहे. आमच्याकडे करवत आहे," एल्डनने सांगितलं. फोन ठेवून तो करवत आणायला गेला.

गाडीचा आकार विनीने ठरवला. चीजचा त्रिकोणी तुकडा. पुढे निमुळता, मागे उंच, पिवळाधमक. ज्या राज्यात माणसं फुटबॉलच्या सामन्याला डोक्यावर फोमचं चीज घालून जातात, तिथे यावर चर्चेला जागाच नव्हती. एल्डनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठोकळा एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने नवी करवत चालवली. पहिल्या दहा मिनिटांत त्याने ठोकळा, टेबल आणि डाव्या हाताचं बोट, तिन्ही थोडं थोडं कापलं.

शेजारचा ओटो झील्के कुंपणापलीकडून हे खिडकीतून पाहत होता. तो कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं मशिनिस्ट होता आणि निवृत्त झाल्यापासून इतरांची कामं पाहत असे. न राहवून तो आत आला.

"एल्डन, पोरा, हे लाकूड कापतोयस की त्याची समजूत काढतोयस?"

"आकार देतोय."

"आधी वाळवलंस का? लाकडात पाणी असतं. पाणी म्हणजे फुकटचं वजन. ते घालवायचं, आणि तेवढं शिसं मागच्या बाजूला भरायचं. वजन मागे असलं की गाडी सुटते बघ." ओटोने हाताने उतार दाखवला. "आणि चाकांना तेल लावलंस तर माझ्याशी बोलू नकोस. ग्राफाइट. काळी पूड. माझ्या नातवाने तेल लावलं होतं. त्याच्याशी मी आता नाताळातच बोलतो."

समोरच्या मिसेस लुंडीन खोकल्याचं औषध मागायला आल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांचे चार मुलगे या शर्यतीत धावून मोठे झाले होते.

"ओव्हनमध्ये ठेव रे. अडीचशे डिग्री, दोन तास. आमच्या कार्लचा मी असाच वाळवला होता. पहिला आला."

"कार्ल दुसरा आला होता," ओटो म्हणाला.

"पहिला आलेला पोरगा दुसऱ्या गावचा होता. तो धरायचा नाही."

ठोकळा ओव्हनमध्ये गेला. तो चारशे डिग्री फॅरनहाइटला का भाजला गेला, याचं उत्तर सोपं आणि लाजिरवाणं आहे. भाड्याच्या त्या घरातल्या ओव्हनचा आकडा चुकीचा होता, आणि काउंटीभरची मापं तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातलं एकही माप कधी तपासलं नव्हतं. धूर झाला, छताला लावलेली धुराची घंटा किंचाळली, मिसेस लुंडीननी घाबरून फोन फिरवला आणि सात मिनिटांत गावचा बंब दारात उभा राहिला.

गावचे अग्निशामक म्हणजे गावचेच लोक, आणि त्यातले सगळे कधी ना कधी कब स्काउटमधली पोरं होते किंवा अशा पोरांचे बाप. सहा जण जड बूट घालून स्वयंपाकघरात आले. आग नव्हती. ओव्हनमध्ये कोळसा होता. त्यांनी तो चिमट्याने बाहेर काढला आणि सगळे गंभीरपणे त्याच्याभोवती जमले.

"पाइन आहे ना?"

"मागची चाकं किती मागे घेणार होतास?"

"खिळे पॉलिश केलेस का? टूथपेस्टने कर."

"पुढचं एक चाक जमिनीला टेकू द्यायचं नाही. तीन चाकांवर पळवायची."

हा शेवटचा सल्ला डेल व्हिटनाउचा. डेल बंबाचा प्रमुख, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि मुलांच्या कब पथकाचाही प्रमुख. त्यामुळे दुसरा ठोकळा मिळवण्यासाठी एल्डनला फार लांब जावं लागलं नाही. मात्र प्रत्येक मुलाला एकच ठोकळा असा पथकाचा नियम होता आणि दुसऱ्यासाठी फॉर्म भरावा लागे. डेलने खिशातून फॉर्म काढला. कारण या रकान्यात काय लिहू, असं त्याने विचारलं.

"भाजला," विनीने सांगितलं.

डेलने लिहून घेतलं. असं कारण या फॉर्मवर प्रथमच येत नव्हतं.

बंब गेल्यावर एल्डन ओव्हन पुसत बसला. विनी फ्रिजसमोर उभी होती. फ्रिजवर कॅलेंडर होतं. तिने सहा जूनवर काळी फुली मारली होती. आता ती चौदा जूनभोवती लाल गोल काढत होती.

"तिथे काय आहे?"

"जिल्ह्याची शर्यत. आपल्या पथकातल्या पहिल्या तीन गाड्या जातात." तिने गोल आणखी जाड केला. "ट्रक सहाला आहे. शर्यत चौदाला. माझी गाडी गेली तर मला थांबायलाच लागेल ना? तुझ्याकडे. आठ दिवस."

एल्डनच्या हातातलं फडकं थांबलं.

"मी मॉमला विचारलंय," विनी घाईने म्हणाली. "ती म्हणाली, बघू. ब्रेंट म्हणाला, स्काउटचं काम अर्धवट सोडायचं नसतं."

त्या दुपारी त्याने डार्सीला फोन केला.

"हो, म्हणालेय मी," डार्सी म्हणाली. "तिसरी आली तरी ठेव तिला आठ दिवस, मागून विमानाने पाठव. पण एल्डन, तिला आशा लावू नकोस. तुला माहितेय तू कसा आहेस."

"कसा आहे?"

"बरोबर," ती म्हणाली. "तू नेहमी बरोबर असतोस."

त्याला हे कौतुक वाटावं असं तिने म्हटलं नव्हतं.

त्यानंतरचे शनिवार-रविवार त्या घरात दुसरं काही झालं नाही. ओटोने आपल्या गराजमध्ये दुसरा ठोकळा कापून दिला. एल्डनच्या स्वाभिमानाला त्याने एवढीच सवलत दिली की करवतीचं बटण एल्डनला दाबू दिलं. विनीने घासकागदाने लाकूड घासघासून बाळाच्या गालासारखं केलं. खिळे टूथपेस्टने घासले, चाकांत ग्राफाइट भरलं. दोघांची बोटं, नाकं आणि घरातल्या सर्व दरवाजांच्या मुठी काळ्या झाल्या. बर्फावरच्या मासेमारीच्या पेटीतल्या शिशाच्या गोळ्या ओटोने दिल्या आणि त्या मागच्या पोकळीत बसवल्या. रंग विनीने दिला. चीजची भोकं तिने काळ्या रंगाने काढली. त्यातली दोन फुलांसारखी झाली.

शेवटी एल्डनने पिकअपमधून सरकारी तराजू आणला. सरकारी तराजूवर खाजगी वस्तू मोजायला मनाई आहे. म्हणून त्याने आधी पितळी वजनं ठेवून तराजूची चाचणी घेतली, आणि चाचणी चालू असताना गाडी चुकून तिथे ठेवली गेली.

पाच पूर्णांक शून्य.

"बरोब्बर?" विनीने विचारलं.

"बरोब्बर."

ओटोच्या गराजमध्ये फळीच्या उतारावरून त्यांनी ती सोडली. पिवळा तुकडा असा सुटला, की ओटोच्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा सल्ला बाहेर पडला नाही.

मार्चमधला शर्यतीचा शनिवार. ल्युथरन चर्चच्या तळघरातला हॉल, कॉफीची मोठी पिंपं, लिंबाच्या वड्यांची ताटं, आणि मधोमध खाली झेपावणारा ट्रॅक. टोकाला टेबलावर तपासणी. एकदा वजन झालं की गाडी डेलच्या ताब्यात. मग शर्यत संपेपर्यंत तिला पोराने काय, बापानेही हात लावायचा नाही.

विनीने गाडी तराजूवर ठेवली. आकडा आला: चार पूर्णांक आठ.

"अरे, दोन दशांश कमी आहे," डेल म्हणाला. "भर की थोडं, जड गाडी जास्त पळते. एवढं वजन कोण फुकट घालवतो? ओळ संपेपर्यंत वेळ आहे."

एल्डनला त्याच क्षणी कळलं. गाडी पाचच्या पाच होती. तराजू कमी दाखवत होता. म्हणजे त्या टेबलावर शिक्का मिळवून बसलेल्या सगळ्या गाड्या पाच औंस दोन दशांश भरत होत्या, आणि एकट्या विनीची पाच.

त्याने बोलायला हवं होतं. त्याऐवजी त्याने असा विचार केला: हा व्यापारी तराजू नाही, चर्चच्या स्वयंपाकघरातला आहे, आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही. सगळ्यांना सारखंच दाखवतोय, म्हणजे न्यायच आहे. आपण दोन दशांश भरले तर कुणाच्याही पुढे जात नाही, बरोबरीला येतो. मुद्दे सगळे पक्के होते. एकोणीस वर्षांत अनेक खाटकांनी ते त्याच्यापुढे मांडले होते.

"डॅड, घरी तर पाच होती," विनी कुजबुजली.

"तराजूतराजूत फरक असतो," एल्डन म्हणाला.

हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

ओटोच्या खिशात एक शिशाची गोळी आणि दोन नळ्यांतला पक्का डिंक होताच. गोळी मागच्या चाकाशेजारी बसली. "हे एकदा लागलं की माझ्या दिवंगत बायकोच्या मतासारखं," ओटो म्हणाला. "हलत नाही." पाच मिनिटांनी गाडी पुन्हा तराजूवर गेली. पाच पूर्णांक शून्य. डेलने शिक्का उचलला.

विनी तराजूकडे पाहत होती. वाकून तिने त्याची डावी बाजू पाहिली, मग उजवी. मग त्याच्या पाठीमागे जाऊन पाहिलं.

"डॅड," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीच मोठा होता, आणि बापाच्या कामाबद्दल बोलताना तो आणखी मोठा होई. "याच्यावर तुझं स्टिकर नाहीये."

हॉलमध्ये कॉफीचे कप थांबले.

"तू विसरलास?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. बाप विसरला असेल तर आपण आठवण करून दिली, एवढाच अभिमान होता.

एल्डनने फ्रिजवरचा लाल गोल आठवून पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. मग तो बाहेर पिकअपकडे गेला आणि पितळी वजनांची पेटी घेऊन आला.

"एल्डन, कशाला?" डेल हळूच म्हणाला. "यावर आम्ही बटाटे मोजतो. बटाट्यांनी आजवर तक्रार केलेली नाही."

पाच औंसांचं वजन त्याने तराजूवर ठेवलं. आकडा: चार पूर्णांक आठ.

पुढचा अर्धा तास एल्डन गावातला सर्वांत नावडता माणूस होता. सगळ्या गाड्या पुन्हा मोजायच्या, सगळ्यांनी दोन दशांश काढायचे. बाप ओरडले, आया त्याच्याकडे पाहिनाशा झाल्या. मिसेस लुंडीननी लिंबाच्या वड्यांचं ताट त्याच्यासमोरून उचलून दुसरीकडे नेलं. पण बहुतेकांच्या गाडीत वजन म्हणून मऊ लुकण होतं. चिमटीने काढलं की झालं. लागलेला डिंक फक्त एकाच गाडीत होता.

"ड्रिलच मारावं लागेल," ओटो म्हणाला. त्याने मारलं. शिसं निघालं. त्याबरोबर लाकडाची एक बारीक चीर मागच्या चाकाच्या खिळ्यापर्यंत गेली. ओटोने ती पाहिली, एल्डननेही पाहिली.

"चीजला भोक हवंच होतं," विनी म्हणाली.

तराजूवर काही डकवलं नाही; तो नापास झाला होता. गाड्या मोजल्या त्या एल्डनने पिकअपमधून आणलेल्या तराजूवर. विनीची बरोब्बर पाच.

शर्यत झाली. पिवळा तुकडा प्रत्येक फेरीत सुरुवातीला पुढे असायचा आणि अर्ध्या उतारावर मागचं चाक किंचित थरथरायचं. ते थरथरणं एल्डनखेरीज कुणाला दिसलं नसेल; तो एकोणीस वर्षं असल्याच गोष्टी पाहण्याचा पगार घेत होता. सगळ्या फेऱ्यांची वेळ मिळवून डेलने निकाल वाचला. विनी राश्के, चौथी. तिसऱ्या गाडीहून सेकंदाच्या तीन शतांशांनी मागे.

ब्रेंट मागच्या रांगेत उभा होता. तो पुढे आला आणि एल्डनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगली गाडी होती, एल्डन." तो मनापासून बोलत होता, आणि एल्डनला त्याबद्दल आभारसुद्धा मानावे लागले.

पिकअपमध्ये विनी गाडी मांडीवर घेऊन बसली. पेट्रोल पंप आला, गेला. नेहमी ती सही मोठ्याने वाचत असे. आज वाचली नाही.

"डॅड, शर्यतीचं घड्याळ तपासायचं का?"

"मी पाहत होतो. घड्याळ बरोबर होतं."

बराच वेळ ती बोटाने ते भोक चाचपत राहिली.

"मी स्टिकरचं बोलले नसते तर आपण तिसरे आलो असतो?"

तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी सकाळचं एक वाक्य सोडून.

"बहुतेक," तो म्हणाला.

"तुला आधीच माहीत होतं? तराजू चुकतोय ते?"

"हो."

विनी खिडकीबाहेर पाहू लागली. शेतांतला बर्फ वितळून ठिकठिकाणी काळी माती दिसत होती.

"मग बरं झालं का, मी बोलले ते?"

एकोणीस वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या पेटीत यासाठी वजन नव्हतं.

"मला माहीत नाही, विनी."

"मला पण नाही," ती म्हणाली, आणि सीटवरून सरकून तिने त्याच्या दंडाला डोकं टेकवलं. घर येईपर्यंत एल्डनने गाडी इतकी सावकाश चालवली, की मागचा एक म्हातारासुद्धा भोंगा वाजवून पुढे गेला.

सहा जूनला ट्रक आला. आठ वाजता यायचा होता, आठ वाजताच आला. विनीचं थोडं सामान एल्डनकडे होतं; ते घ्यायला डार्सी तिला गाडीतून घेऊन आली. तिने चीजची गाडी मोज्यात घालून, मोजा बुटात घालून, बूट पिशवीत घातला. मग काही तरी विसरलं म्हणून ती आत पळाली आणि बराच वेळ आली नाही. डार्सी घड्याळ पाहत होती, पण काही बोलली नाही. विनी आली, तिने बापाला मिठी मारली, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून एक हात बाहेर होता.

एल्डन आत गेला. काय विसरलं होतं ते त्याला लगेच दिसलं नाही. संध्याकाळी कामावरून परतल्यावर कुलूप उघडताना दिसलं.

दाराच्या चौकटीवर, आठ वर्षांच्या मुलीच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर, एक हिरवं स्टिकर होतं. सरकारी, नंबर असलेलं, त्याच्या गुंडाळीतून काढलेलं. तपासणीची तारीख, सहा जून. पुढची तपासणी, थँक्सगिव्हिंग. खाली वाकड्या अक्षरांत सही, डब्ल्यू. राश्के.

प्रत्येक स्टिकरचा हिशेब ऑफिसात द्यावा लागतो. फाटलेलं असेल तर ते फॉर्मला जोडावं लागतं, हरवलं तर लेखी खुलासा. महिनाअखेरीला एल्डन फॉर्म घेऊन बसला.

त्या नंबरासमोर, मालकाच्या रकान्यात, त्याने स्वतःचं नाव घातलं. मग लिहिलं: माप बरोबर आढळले नाही. मालकाला नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली आहे.